दहा पाऊण साडेसात

दिनांक १७ एप्रिल १९९०, मंगळवार. रुपये सहाशे पंच्याहत्तर फक्त. एवढी रक्कम दिनानाथने मचव्याच्या शेठच्या हातावर मोजून ठेवली, पावती घेतली, तिची घडी करून खिशात सरकवली आणि मग बाजूला उभ्या असलेल्या जगनकडे बघून हसला.

"जगनभाऊ, मचवा पक्का झाला."

जगनला ते हसणं झोंबलं. मचवा शेठचा होता हे खरं. पण बारा वर्षं त्याचं सुकाणू जगनच्या हातात होतं. उरणजवळच्या मोऱ्याहून मासळी भरायची, पनवेलच्या बंदरात उतरवायची, आणि रिकामा मचवा परत न्यायचा, हे त्याचं काम. तांडेल म्हणून खाडीकाठी त्याला सगळे ओळखत. मेव्हण्याच्या लग्नाचं वऱ्हाड त्याच मचव्यातून जाणार, तो हाकणारही तोच, आणि भाड्याची बोलणी मात्र दिनानाथने करायची! शेठनेसुद्धा जगनला विचारलं नाही. पावती देताना तो दिनानाथला 'साहेब' म्हणाला, तेही जगनने मनात नोंदवून ठेवलं.

जगन आणि दिनानाथ एकमेकांचे साडू. पनवेलच्या खाडीकाठच्या आळीतल्या तुळशीरामच्या दोन मुली, थोरली शोभा जगनला दिलेली आणि धाकटी सुमती दिनानाथला. तुळशीरामच्या बापाचा स्वतःचा मचवा होता. तुळशीरामने मात्र सारी हयात भातगिरणीत काढली. पाण्याशी त्याचा संबंध ताटातल्या मासळीपुरता. म्हणूनच थोरल्या मुलीसाठी त्याने मुद्दाम पाण्यावरचा जावई शोधला होता. "बापाचा मचवा गेला, पन घरात तांडेल आला," असं तो तेव्हा चारचौघांत सांगायचा. सहा वर्षं जगन त्या घरात रुबाबात वावरला. पाय धुवायला गरम पाणी, ताटात पहिली तुकडी आणि कुठलीही गोष्ट निघाली की, "जगनला इचारा."

मग दिनानाथ आला. बी.कॉम., पतपेढीत क्लार्क, नवीन पनवेलला एक खोली-स्वयंपाकघर, शर्टाच्या खिशाला दोन पेनं. जातीचा, गावचाच, पण बोलणं शाळेतल्या मास्तरांसारखं. गरम पाणी अजूनही जगनला मिळायचं, पण दुसऱ्या नंबरावर. तेवढंही जगनने गिळलं असतं. शिकलेल्याचा मान शिकलेल्याला, त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. पण दिनानाथ पाण्यावर बोलू लागला आणि जगनच्या पोटात दुखू लागलं.

झालं होतं असं. अलिबागच्या एसटीत दिनानाथच्या शेजारी एक म्हातारे मास्तर बसले होते. त्यांनी त्याला भरतीची वेळ काढायची जुनी रीत सांगितली: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीन वाजता भरती. दिनानाथला पाऊणकी पाठ होती. घरी आल्यावर तो तीन दिवस खाडीवर जाऊन घड्याळ धरून उभा राहिला. तिन्ही दिवस वेळ पंधरा-वीस मिनिटांच्या आत जुळली. झालं! त्याच्या लेखी समुद्राचा हिशेब मिटला.

त्यानंतरचा एक प्रसंग जगनला अगदी लख्ख आठवत होता. ओटीवर चहा चालला होता. तुळशीरामने सहज विचारलं, "जगन, आज पानी कवा भरंल रं?"

"बघून सांगतो, मामा. दोन दिस वारा पडलाय. खाडीच्या टोकाला पानी जरा मागं ऱ्हातं."

"मामा, आज षष्ठी," दिनानाथ कप खाली न ठेवता म्हणाला. "सहा पाऊण साडेचार. साडेचारला भरती."

साडेचारला हसुराम, म्हणजे तुळशीरामचा एकुलता मुलगा, धावत खाडीवर जाऊन आला आणि ओरडला, "भरली! पार भरली!"

तुळशीरामने मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हंत्यात शिकलेला मानूस. नायतर आमचा तांडेल! बारा वर्सं पान्यात, आन् अजून बघूनच सांगतो."

सगळे हसले. शोभाही हसली, ते जगनला जास्त लागलं. घरी जाताना ती म्हणाली, "तुमी एकदा तरी फाडकन् सांगावं ना. नुसतं बघतो, बघतो."

कसं सांगणार? पाणी कधी अर्धा तास आधी, कधी पाऊण तास उशिरा. गेल्या पावसाळ्यात जिथे दोन पुरुष पाणी होतं तिथे या वर्षी गाळाची पाठ वर आलेली. जितकी वर्षं तो खाडीत वावरला, तितकं त्याचं तोंड आखडत गेलं. पहिल्या वर्षी तोही असाच फाडफाड बोलायचा, हे त्याला आठवत होतं. पण ते दिनानाथला सांगायचं कुठल्या तोंडाने? आणि खरं बघता त्याला सांगायचंच नव्हतं. त्याला हवं होतं ते एवढंच, की एकदा, फक्त एकदा, या माणसाची पाऊणकी सगळ्यांच्या देखत चिखलात बसावी.

हसुरामचं लग्न ठरलं मोऱ्याच्या मुलीशी. मुहूर्त ४ मे, सकाळी अकराचा. तुळशीरामने जाहीर केलं, वऱ्हाड पाण्यावरून जाणार. त्याच्या बापाचं वऱ्हाड शिडाच्या मचव्यातून मोऱ्याला गेलं होतं, ते अजून म्हातारी माणसं सांगतात. "माझं लगीन बैलगाडीत झालं. पोराचं तरी पान्यावरून होऊ दे. घरात तांडेल हाय ना!"

हे ऐकून जगनची छाती पुन्हा फुगली. शिवाय दुसरं एक होतं. त्यांच्या घरातली रीत अशी, की मुलाच्या लग्नात सासरा थोरल्या जावयाला पहिला फेटा बांधतो, मग बाकीच्यांना. गेली पाच वर्षं त्या घरात जगनला कुठेच पहिलं काही मिळालं नव्हतं. हा फेटा मात्र रीतीने त्याचाच होता. दिनानाथच्या कुठल्याही पाढ्याने तो हलणार नव्हता.

बेत ठरवायला सगळे अंगणात बसले तेव्हा दिनानाथने भिंतीवरचं कॅलेंडर काढूनच आणलं.

"चार मे, वैशाख शुद्ध दशमी. दहा पाऊण साडेसात. साडेसातला भरती, साडेसातला मचवा सुटेल. साडेनऊला मोऱ्याला. चहापाणी, कपडे बदलणं, अकराला अक्षता."

"दशमीला भांग असतो," जगन म्हणाला.

"असेना. भरती येते की नाही?"

"येते. पन..."

"किती वाजता येते?"

जगनने कॅलेंडरकडे बघितलं. "साडेसात... आठ."

"मग झालं तर!" दिनानाथने हात पसरले. "मी वेगळं काय सांगतोय?"

अंगण हसण्याने भरून गेलं. शकूमामी, जगनची सासू, पदर तोंडाला लावून म्हणाली, "अरं जगन, तोच येळ सांगतोस, मंग पन कशाला लावतोस?"

भांग म्हणजे काय हे जगनने सांगायला हवं होतं. अमावास्या-पौर्णिमेला पाणी उधाणाचं, काठोकाठ. अष्टमी-दशमीच्या सुमाराला ते मरतुकडं. भरती येते वेळेवर, पण चढत नाही. त्या दिवसांत तो स्वतः मचव्यात मासळी अर्धीच भरायचा, नाहीतर पहिल्या वळणावर बूड टेकायचं. उपाय सोपा होता. बँडवाले, भांडी आणि अर्धं वऱ्हाड टेंपोने रस्त्याने धाडायचं. नवरा, आईबाप आणि वीस-पंचवीस माणसं मचव्यात. हे सगळं त्याच्या जिभेवर आलं होतं. पण शकूमामीच्या त्या एका वाक्याने ते मागे फिरलं.

हळदीच्या दिवशी शोभाने पुन्हा विषय काढला. "भांगाचं बाबांना नीट सांगा ना. तुमी मचवा अर्धा भरता, मी बगितलंय ना."

"एकदा सांगितलं. परत सांगाया मी काय भिकारी हाय?"

"आवो, लगीन माझ्या भावाचं हाय."

"मंग इचार तुज्या बीकॉमवाल्याला," जगन म्हणाला आणि उठून बंदरावर गेला.

शुक्रवारी सकाळी बंदरावर गर्दी उसळली. मचव्याला झेंडूच्या माळा, डोलकाठीला आंब्याचे डहाळे. दिनानाथ हातात शिट्टी घेऊन माणसं चढवत होता. "बायका पुढे! बँडवाले मागे! काकी, घाई करू नका, भरतीला अजून दहा मिनिटं आहेत." चाळीस झाली, पन्नास झाली, साठाच्या वर गेली. भात शिजवायची दोन मोठी पातेलीही आली, कारण मोऱ्याच्या आचाऱ्याकडे कमी पडतील असं कोणीतरी म्हणालं होतं.

जगन सुकाणूपाशी उभा राहून बंदराच्या पायऱ्या बघत होता. खालून तिसरी पायरी बुडली की भरला मचवा वळणावरून निघतो, हा त्याचा अंदाज. आज पाणी दुसऱ्या पायरीला चाटून थांबलं होतं. ते थांबलेलं त्याला दिसत होतं. पाण्यावरचा पालापाचोळा जागच्या जागी फिरत होता. म्हणजे हीच भरती. ह्याच्यावर पाणी येणार नव्हतं.

"बरोब्बर साडेसात!" दिनानाथने मनगट उंचावून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कोणी विचारलं असतं तर आपण सांगितलं असतं, असं जगन पुढे कित्येक वर्षं स्वतःला समजावत राहिला. त्या वेळी तो थांबलासुद्धा. पाच-सात श्वास घेण्याइतका थांबला आणि तुळशीरामकडे बघत राहिला. तुळशीराम दिनानाथच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी सांगत होता. दोघं हसत होते. जगनने इंजिन सुरू केलं.

पहिल्या वळणावर मचवा थांबला. धक्का नाही, आवाज नाही. गादीवर बसावं तसा तो हळूच बसला. बँडवाल्यांना कळलंच नाही, ते वाजवत राहिले. इंजिन घुरघुरलं, मागून काळा गाळ वर आला. जगनने मागे घेऊन पाहिलं, बाजूला काढून पाहिलं, बांबू लावून पाहिला. हे सगळं त्याने मनापासून केलं. आता मात्र त्याला मचवा निघायला हवा होता. पण आता पाणी उतरू लागलं होतं.

"काय झालं, जगनभाऊ? भरती आहे ना अजून?"

"व्हती," जगन म्हणाला.

अर्ध्या तासात मचव्याच्या दोन्ही बाजूंना चिखल चमकू लागला. बायका रडकुंडीला आल्या. एका म्हाताऱ्याने शिव्यांची माळ सुरू केली, त्यात पहिलं नाव तांडेलाचं. खारभूमीचा बांध दिसत होता, पण मधे मांडीभर गाळ. शेवटी पुरुष खाली उतरले. नवी लुगडी गुडघ्याच्या वर खोचली गेली, ढोल डोक्यावर गेला, पातेली चिखलातून ओढत नेली.

नवऱ्याला खांद्यावर घेतलं जगननेच. हळदीने पिवळा झालेला, मुंडावळ्या सावरत बसलेला हसुराम. अर्ध्या वाटेवर तो खाली वाकला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, तुमाला ठावं व्हतं ना?"

जगनचा पाय गाळात आणखी एक वीत गेला.

"पाय वर घे," तो म्हणाला. "धोतार भरंल."

बांधावर पोचेपर्यंत दिनानाथ गुडघाभर चिखलासह रस्त्यापर्यंत पळत गेलेला होता. त्याने दोन ट्रक अडवले, ड्रायव्हरांशी भाव ठरवला, बायकांना चढायला स्टूलसुद्धा पैदा केलं. माणूस कामाचा होता, हे जगनला नाकारता येईना, आणि तेच त्याला सहन होईना. जगन स्वतः मागे राहिला नाही. मचवा खलाशाच्या हवाली करून तोही ट्रकच्या फाळक्याला लटकला. फेट्यासाठी तरी त्याला मोऱ्याला पोचायचंच होतं.

वऱ्हाड पोचलं तेव्हा एक वाजून गेला होता. मुहूर्त टळला होता. भटजींनी पंचांग चाळून दुपारचा दुसरा मुहूर्त काढून दिला. मुलीकडच्या बायकांना मात्र आयतं गाणं मिळालं. "पान्यावरून येनार व्हते, चिखलावरून आले गो!" तुळशीराम मान खाली घालून बसला.

तिथे, मांडवात, सगळ्यांसमोर दिनानाथने खुलासा केला. आवाज शांत, पतपेढीच्या सभेत अहवाल वाचावा तसा. "मामा, गणितात चूक नव्हती. साडेसातला भरती आली, ती सगळ्यांनी पाहिली. मचवा कुठून काढायचा हा तांडेलाचा प्रश्न. त्यात मी कसं बोलणार?"

"भांग व्हता," जगन म्हणाला. "भांगाला पानी चढत नाय. मी सांगितलं व्हतं."

"भांग असताना मग मचवा हाकलास कशाला?" तुळशीरामने विचारलं.

ह्या प्रश्नाला जगनकडे उत्तर होतं. पण ते मांडवात द्यायचं उत्तर नव्हतं. तो गप्प राहिला, आणि गप्प राहिलेल्या माणसाचीच चूक असते, असं मांडवाने धरून घेतलं.

तुळशीराम उठला. ताटातला पहिला फेटा त्याने उचलला, जगनच्या समोरून तो नेला आणि दिनानाथच्या डोक्याला बांधला. दिनानाथ "अहो मामा, थोरले ते आहेत," असं दोनदा म्हणाला. मान मात्र त्याने बांधायला सोयीची अशी वाकवून धरली होती. दुसरा फेटा जगनला बांधला. रंग तोच, कापड तेच.

पुढे पावसाळ्याआधी तुळशीरामच्या विहिरीवरची पाण्याची मोटर बिघडली. बटण दाबलं की नुसती गुणगुणायची, फिरायची नाही. मिस्त्री सोमवारी येतो म्हणाला होता. जगनला वाटलं, हीच वेळ. "मिस्त्री कशाला? बारा वर्सं मचव्याचं इंजिन खोलतोय मी. मोटर म्हंजी काय, इंजिनाची धाकटी भैन!"

"जगनभाऊ, विजेचं काम आहे," दिनानाथ म्हणाला. "मिस्त्रीला येऊ द्या ना."

"तुमी पाढे म्हना," जगन म्हणाला. तुळशीराम हसला. किती दिवसांनी तो जगनच्या बाजूने हसला होता! जगनने त्याच जोरावर मोटर खोलली, तारा सोडवल्या, साफ केल्या, त्याला वाटलं तशा जोडल्या आणि ऐटीत बटण दाबलं. मोटर एकदा गरकन् फिरली, निळा धूर निघाला, जळक्या वार्निशाचा वास आळीभर गेला. वाइंडिंग नव्याने भरायला दोनशे साठ रुपये लागले. ते दिनानाथने दिले. "नंतर बघू," असंही म्हणाला.

"मोटर आधीच जळलेली व्हती," जगनने शोभाला सांगितलं. "माझ्या कामात चूक नाय. बटन दाबलं तवा फिरली का नाय? फिरली. मंग!" शोभाने भाकरी थापायला घेतली.

वर्षं गेली. खाडी गाळाने भरत गेली, मासळी टेंपोने येऊ लागली, शेठने मचवा विकला. जगन उरणला एका कंत्राटदाराच्या लाँचवर लागला. दिनानाथ पतपेढीत अकाउंटंट झाला. गणपती बुडवायला निघताना आळीतले लोक अजूनही त्यालाच भरतीची वेळ विचारत.

१९९७ साली हसुरामच्या धाकट्या मुलाचं जावळ होतं. तुळशीरामने घरावर स्लॅब टाकला होता. जेवणं झाल्यावर जगन गच्चीवर एकटा पान लावत बसला होता. दिनानाथ जिना चढून आला, कठड्याला टेकला, इकडचं तिकडचं बोलला. मग त्याने आवाज खाली आणला.

"जगनभाऊ, तुम्हाला एक विचारायचं होतं. भांग म्हणजे नक्की काय हो?"

जगनच्या हातातला चुना तसाच राहिला. सात वर्षं तो ह्या वाक्यासाठी जळत होता. त्याने पान बाजूला ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. चंद्र अर्धा असताना पाणी कसं मरतं. ते नेमकं अष्टमीला न मरता एखाद-दोन दिवस मागाहून कसं मरतं. पश्चिमेचा वारा असला तर भांगातही कसं फुगतं. खाडीच्या तोंडाला वेगळं, टोकाला वेगळं. आणि गाळाची पाठ दर पावसाळ्यात कशी सरकते. बोलता बोलता तो स्वतःच अडखळला. "आता वाऱ्याचं नक्की कसं, ते मना पन अजून नीट ठावं नाय..."

"म्हणजे अष्टमी ते दशमी पाणी कमी चढतं," दिनानाथ म्हणाला. "एवढंच ना?"

"एवढंच नाय. त्यात..."

"कळलं, कळलं." दिनानाथने त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि तो खाली गेला.

पान लावून तोंडात घालेपर्यंत खालच्या ओटीवरून आवाज आला. दिनानाथचाच, स्वच्छ, ठाम.

"मामा, लोकांना वाटतं भरती म्हणजे भरती. तसं नाही. भरती दोन प्रकारची असते. उधाणाची आणि भांगाची. भांगात पाणी वेळेवर येतं, पण चढत नाही. अष्टमी ते दशमी. त्याच्या बाहेर बिनधास्त जा."

"बग!" तुळशीराम आता सत्तरीचा होता, पण मांडीवरची थाप तशीच. "ह्याला म्हंत्यात शिकलेला मानूस!" मग त्याने वर तोंड करून हाक मारली. "जगन! अरं, हे भांगाचं तुला ठावं व्हतं का रं?"

गच्चीवरून पानाची पिंक अंगणात पडली. मग कठड्याजवळून उत्तर आलं.

"बघून सांगतो, मामा."

मोटरच्या वाइंडिंगच्या दोनशे साठ रुपयांपैकी जगनने दीडशे दिले आहेत. एकशे दहा रुपये अजून द्यायचे आहेत.